वहीत आधी त्यांची वाक्यं उतरव

प्रिय लेखिके,

साडेआठच्या फाटकावरचा तुझा लेख वाचला. मुलींचं वसतिगृह रात्री साडेआठला बंद आणि त्याच आवारातल्या मुलांच्या वसतिगृहाला वेळेचं बंधनच नाही, हा विषय उपहासासाठी आयता हातात आलेला आहे. तरीही लेख जमलेला नाही. चौदाशे शब्दांत तू वॉर्डनबाईंच्या चष्म्यावर तीनदा घसरलीस, त्यांच्या आवाजावर दोनदा, आणि 'आपली थोर संस्कृती' हे शब्द तर सहा वेळा आले. ज्या नियमावरून हे सगळं रामायण, तो नियम मात्र पूर्ण लेखात एकदाही शब्दशः येत नाही. तू चिडली आहेस एवढं वाचणाऱ्याला कळतं. नियम करणाऱ्याची त्या चिडण्याने काडीचीही अडचण होत नाही. 'मुलगी जरा तापट आहे' एवढं म्हणून तो मोकळा.

त्याची अडचण कधी होते? त्याचंच वाक्य, त्याच्याच भाषेत, त्याने जिथे सोडलं तिथून चार पावलं पुढे नेलं की. बायकांनी लिहिलेल्या निषेधाच्या विनोदातलं जे टिकलं, त्यातलं बरंचसं या एकाच युक्तीवर उभं आहे. समोरच्याचं म्हणणं खोडायला बसायचं नाही. ते खरं धरायचं आणि इमानदारीत शेवटपर्यंत चालवायचं. हे कसं केलं जातं ते आधी दोन लेखिकांच्या कामातून सांगते, मग तुझ्या फाटकाकडे येते.

पहिल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, विवाहाबाहेर झालेलं मूल मारल्याच्या आरोपावरून फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. अपिलात शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांना विषय मिळायचा तो मिळाला: हल्लीच्या बायका कशा बिघडल्या. ताराबाईंचं पुस्तक या गदारोळाला दिलेलं उत्तर आहे.

आता रचना बघ. तू किंवा मी असतो तर 'बायका तशा नसतात' हे सिद्ध करायला निघालो असतो, आणि तिथेच हरलो असतो, कारण मग पुरावा देत बसायचं काम आपल्याकडे आलं असतं. ताराबाई बायकांच्या माथी मारलेल्या दोषांची यादी उचलतात. संशय, उद्धटपणा, साहस (इथे अर्थ अविचारी धाडस), कपट, अविश्वास अशी ती यादी त्यांनी तयार केलेली नाही. श्लोकांनी, नाटकांनी आणि त्या काळच्या कादंबऱ्यांनी आधीच करून ठेवलेली आहे. मग एकेक दोष घेऊन त्या विचारतात: बायकांत आहे म्हणता ना, असू दे, आता तुमच्यात किती आहे ते मोजू या. पुस्तकाच्या पूर्ण नावातच हा सवाल आहे, की स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी' कोण. म्हणजे पुस्तक उघडण्याआधीच तराजू समोर ठेवलेला.

त्यातल्या दोन जागा तू पुन्हा पुन्हा वाच. एक सावित्रीची. नवऱ्यासाठी सावित्री यमाच्या दरबारापर्यंत गेली, हे ताराबाई मान्य करून टाकतात. मग विचारतात, तुमच्यापैकी कुणी बायकोसाठी यमाच्या दरबारात राहू द्या, निदान त्या वाटेवर तरी गेल्याचं कुणी ऐकलं आहे का? कथेवर हल्ला नाही, व्रतावर हल्ला नाही. त्यामुळे वडाला फेऱ्या मारून आलेली बाईसुद्धा इथे हसू शकते. कथाच खोटी ठरवली असती तर तिने पहिल्याच पानाला पुस्तक मिटलं असतं, आणि पुस्तक तिच्यासाठीच होतं. दुसरी जागा विधवेच्या केशवपनाची. नवरा मेल्याचं पातक बाईचं असेल, तर बायको मेल्यावर तुम्हीही दाढीमिशा भादरून, तोंडाला काळं फासून जन्मभर रानात का राहत नाही, असा प्रश्न आहे. वस्तरा तोच, फक्त गिऱ्हाईक बदललं. 'पुरुषांनाही शोक पाळायला लावा' एवढंच लिहिलं असतं तर कुणाला काही वाटलं नसतं. वाचणारा पुरुष इथे नकळत मिशीला हात लावतो, कारण तपशील शरीराचा आहे.

तू म्हणशील, ताराबाई तर माझ्याहून जास्त चिडलेल्या आहेत. आहेतच. संतापाने वाक्यं लांबत जातात, तोच मुद्दा फिरून येतो, मधेच त्या श्वास घ्यायला विसरतात. पण प्रत्येक संतापाच्या आधी मोजमाप झालेलं असतं. तुझ्या लेखात क्रम उलटा आहे: आधी संताप, आणि मोजमाप कुठेच नाही.

दुसऱ्या रोकेया सखावत हुसेन, रंगपूरकडच्या, लग्नानंतर भागलपूरला आलेल्या. बंगालीत लिहिणाऱ्या या बाईंनी 'सुलतानाज ड्रीम' ही कथा इंग्रजीत लिहिली आणि ती १९०५ साली मद्रासच्या 'द इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये आली. कथेतल्या देशात बायका मोकळ्या हिंडतात आणि पुरुष मर्दान्यात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या भागात, बंद. बायकांना जनान्यात का ठेवायचं? तर बाहेर पुरुषांपासून धोका. ठीक. मग कथेतली सिस्टर सारा विचारते, की वेड्यांच्या इस्पितळातून वेडे सुटले आणि माणसांना त्रास देऊ लागले, तर तुम्ही कोंडून कुणाला ठेवाल, वेड्यांना की शहाण्यांना? पडद्याचं समर्थन तिने जसंच्या तसं मान्य केलं आहे. फक्त कुलूप दुसऱ्या दाराला लावलं.

आणि त्या कथेतला हिशेब बघ. कथा सांगणारी सुलताना म्हणते की आमच्याकडचे मॅजिस्ट्रेट दिवसाला सात तास काम करतात. सारा म्हणते, छे. एक चिरूट जळायला अर्धा तास लागतो, माणूस दिवसाला बारा चिरूट ओढतो, म्हणजे सहा तास नुसत्या धुरात गेले. हा आकडा विनोद करतो; 'पुरुष आळशी असतात' या वाक्याने काहीच झालं नसतं. (रोकेयांचे पती डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. हा चिमटा घरातल्या घरातही पोचला असणारच.) कथेत पुरुष मर्दान्यात गेले कसे, तेही अंगावर न येता घडतं. शेजारच्या राजाशी लढाईत पुरुषांचं सैन्य हरतं, मग विद्यापीठाच्या लेडी प्रिन्सिपल दोन हजार विद्यार्थिनी घेऊन निघतात आणि साठवलेली सूर्याची उष्णता शत्रूवर सोडतात. पण त्यांची एक अट असते: आम्ही बाहेर पडण्याआधी पुरुषांनी आत जावं, म्हणजे आमचा पडदा राहील. दमलेले, जखमी पुरुष मुकाट आत जातात. पडद्याचा नियम मोडलाच नाही. तो पाळूनच सगळं उलटलं. उपहासाला यापेक्षा नीटस बिजागरी मला माहीत नाही.

त्याच लेखिकेचं 'अबरोधबासिनी' १९३१ साली आलं. त्यात पडद्यातले सत्तेचाळीस प्रसंग आहेत, बरेचसे अगदी छोटे. एका प्रसंगात रेल्वेच्या फलाटावर जाड सतरंजीखाली झाकून बसवलेल्या बायकांना रेल्वेचा माणूस सामान समजतो. दुसऱ्या प्रसंगात एक बाई बुरख्यात अडखळून रुळांवर पडते, मदतीला आलेल्या हमालांना तिची दासी अंगाला हात लावू देत नाही, आणि गाडी सुटते. सांगण्याचा सूर दोन्हीकडे एकच, बातमी दिल्यासारखा. वाचणारा पहिल्याला हसतो, त्याच सवयीने दुसऱ्यालाही हसायला जातो आणि तोंड उघडंच राहतं. एकही विशेषण मदतीला घेतलेलं नाही. तुझ्या लेखात मी विशेषणं मोजली नाहीत, पण तू मोज, आणि निम्म्याहून जास्त काढ.

हीच चाल आपल्याकडे भोंडल्याच्या फेरात आहे, तिला लेखिकेचं नाव नाही एवढंच. वेड्याच्या बायकोचं गाणं तुला पाठ असेल. ती करंज्या करते, वेडा त्या होड्या म्हणून पाण्यात सोडतो. लाडू केले की चेंडू म्हणून खेळतो. कडव्यामागून कडवं हसू वाढत जातं. शेवटी बायको झोपलेली असते आणि तो ती मेली म्हणून तिला जाळून टाकतो. गावोगावी कडवी बदलतात, पण अनेक ठिकाणी गाणं या कडव्यापर्यंत येतं. पोरी तेही हसतहसत म्हणतात. पायरीपायरीने चढायचं आणि शेवटची पायरी जमिनीवर नाही हे आधी कळू द्यायचं नाही, हे शिकायला याहून चांगलं गाणं नाही. 'कारल्याचा वेल'मध्ये दुसरा नमुना आहे: सासू नाही म्हणतच नाही, दर वेळी फक्त पुढची अट घालते. तुमच्या रेक्टर ऑफिसचा कारभार याच तालावर चालतो का, तपासून बघ. अर्ज घेतला, आता पालकांची सही आण. सही आणली, आता स्थानिक पालकांचा फोन होऊ दे. पुढच्या एखाद्या लेखाला हा साचा फुकट मिळाला.

आणखी एक साचा सांगते, कारण तो फाटकाला चपखल बसतो. अमेरिकेत बायकांच्या मताधिकारासाठी लिहिणाऱ्या ॲलिस ड्युअर मिलर १९१४ पासून 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'मध्ये सदर चालवत. मताधिकाराला विरोध करणाऱ्यांची कारणं त्यांनी नुसती जोडीने मांडली. एक: कुठलीही बाई घरकाम सोडून मत द्यायला जाणार नाही. दोन: मताचा हक्क मिळालेली कुठलीही बाई घरकाम करणार नाही. तीन: नवराबायकोत भांडणं लागतील. चार: प्रत्येक बाई नवरा सांगेल तिथेच मत देईल. शेरा नाही, टीका नाही. दोन वाक्यं शेजारी बसवली की ती एकमेकींना खातात. तुझ्या आवारात 'आमच्या मुली अगदी समंजस आहेत' आणि 'मुलींना एवढी समज नसते' ही दोन्ही वाक्यं बोलली जात असणार, बहुधा एकाच तोंडून. शोध.

आता कामाला लागू. लिहायला बसण्याआधी वही घे आणि तीत वीस वाक्यं उतरव, त्यांची, तुझी नव्हेत. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेतून, नोटीस बोर्डावरून, फाटकावरच्या रजिस्टरमधून, पालकसभेतल्या भाषणांतून. शब्दाला शब्द. 'सुरक्षिततेच्या कारणास्तव' असं लिहिलं असेल तर 'सुरक्षेसाठी' असं सुधारून घेऊ नकोस. सगळी गंमत त्या 'कारणास्तव'मध्ये आहे. रजिस्टरला रकाने किती आणि कोणते, तेही उतरव: नाव, खोली क्रमांक, जाण्याचं ठिकाण, कारण, सोबत कोण, परतीची वेळ, सही. प्रत्येक वाक्यापुढे तारीख आणि कुठे सापडलं ते लिही, नोटिशीचा फोटो काढून ठेव. कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल तर माहिती अधिकारात अर्ज कर: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि कायद्याने तीस दिवसांत उत्तर. विचारायचं एवढंच, की दोन्ही वसतिगृहांच्या बंद होण्याच्या वेळा काय आणि त्या कुठल्या ठरावाने ठरल्या. उत्तर आलं तर ते लेखात. नाही आलं तर 'माहिती उपलब्ध नाही' हेही छापण्यासारखंच वाक्य आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळ प्रतिबंधाविषयीचे २०१५ चे विनियमही काढून वाच. मुलींच्या सुरक्षिततेचं कारण पुढे करून वसतिगृहात मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लादू नयेत, असं त्यांत स्पष्ट आहे. हे अग्रलेखासारखं मांडू नकोस. याची जागा 'संदर्भ' या ओळीत आहे, अगदी कोरडी.

कारण तुझा लेख परिपत्रक म्हणून लिहिला जावा असं मला वाटतं. मराठीत सरकारी भाषेइतकं तयार विडंबन दुसरं नाही. तिला फक्त विषय बदलून द्यावा लागतो. नमुन्यादाखल:

'विषय: विद्यार्थ्यांच्या (मुलगे) रात्रीच्या वावराबाबत. संदर्भ: विद्यार्थिनी वसतिगृहाची चालू नियमावली. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, रात्री साडेआठनंतर आवार विद्यार्थिनींसाठी असुरक्षित होते, असे संदर्भीय नियमावलीत नमूद आहे. सदर असुरक्षिततेचे कारण तपासले असता ते मुलगे असल्याचे आढळून आले. सबब, येत्या एक तारखेपासून मुलग्यांच्या वसतिगृहाचे फाटक रात्री साडेआठ वाजता बंद करण्यात येईल. अभ्यासिकेत थांबावयाचे असल्यास आईचे संमतिपत्र जोडावे. क्रिकेटचा सामना हे कारण ग्राह्य धरले जाणार नाही. चहाच्या टपरीवर जाताना सोबत किमान एक विद्यार्थिनी असावी. हा निर्णय मुलग्यांच्याच हिताचा असून त्यांनी तो कौतुकाने स्वीकारावा.'

हे शब्द तू वापरू नकोस, चाल बघ. 'तपासले असता आढळून आले' या वाक्यावर सगळा भार आहे, आणि ते वाक्य कुठल्याही कचेरीत सापडेल. आईचं संमतिपत्र हा तपशील खऱ्या नियमातल्या वडिलांच्या सहीवरून उलटवला आहे. तुमच्याकडे वडिलांची सही लागत नसेल तर तो काढावा लागेल. उलटवलेल्या प्रत्येक तपशिलाला मूळ नियमात जोडीदार हवा. ज्याला जोडीदार नाही तो नुसता चावटपणा, आणि हुशार वाचक नेमका तोच पकडून बाकीचं सगळं फेटाळतो. टपरीच्या वाक्यापाशी मी जरा थांबले होते. ते हसवतं, पण 'सोबत कोण' हा रकाना तुमच्या रजिस्टरमध्ये खरंच असेल तरच ठेवण्यासारखं आहे.

लांबी सातशे शब्द, फार तर आठशे. उलटवलेली गोष्ट पहिल्या साठ शब्दांत कळली पाहिजे, म्हणजे पुढे फक्त वाढवत न्यायचं. वीस वाक्यांतली चार वापरायची, चारच. पाचवं घातलंस की पहिल्या चारांचा जोर जातो. चढण अशी लाव, की पहिलं वाक्य जवळपास खरं वाटावं आणि शेवटचं अशक्य. पण चौथं वाचल्यावर वाचणाऱ्याला आठवलं पाहिजे की मुलींच्या बाबतीत हे आज चालू आहे. खर्डा झाला की मोठ्याने वाच. जिथे तुझा आवाज आपोआप खोचक होतो ते वाक्य बिघडलेलं असतं. परिपत्रक वाचणारा शिपाई ज्या सुरात वाचेल त्याच सुरात ते संपूर्ण वाचता आलं पाहिजे.

शेवटचा परिच्छेद काढून टाक. तुझ्या लेखात तो 'विनोदाचा भाग सोडला तर' असा सुरू होतो, आणि तोवर जे कमावलं ते तिथे परत केलं जातं. उद्गारचिन्हंही काढ, झाडून सगळी.

बिघडतं कुठे, ते बहुतेक तुझ्याच लेखात आहे. वॉर्डनबाई घे. वेळ त्यांनी ठरवलेली नाही. एखाद्या समितीने ठरवली, बहुधा अशा लोकांनी ज्यांना रात्री त्या फाटकापाशी उभं राहावं लागत नाही. वॉर्डनबाईही साडेआठला त्याच फाटकाच्या आत कोंडल्या जातात, पगारी असल्या तरी. त्यांच्या चष्म्यावर हसलं की समिती सुटते. सासूवरचे विनोद पिढ्यान्‌पिढ्या याच कारणाने खपले: बाई बाईवर हसते आहे तोवर घराच्या मालकाला झोप छान लागते. तोच प्रकार बोलीचा. रखवालदाराच्या तोंडी तू जी भाषा घातली आहेस, ती तो खरंच बोलत असला तरी लेखात तिचं काम काय? तो अशिक्षित आहे हे दाखवण्याचं. ते तुझ्या विषयात कुठेच बसत नाही. १८५५ मध्ये, जेमतेम चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे यांनी 'ज्ञानोदया'त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्हांला धर्मपुस्तक नाही, म्हणजे आम्ही धर्मरहित, असा सरळ निष्कर्ष काढत त्यांनी समोरच्यांचाच दावा त्यांच्या पदरात घातला, आणि जाता जाता ब्राह्मणांसाठी 'लाडूखाऊ' हा शब्दही ठेवून दिला. तो शब्द वरच्या दिशेने गेला. सगळा फरक त्या दिशेचा आहे: तुझ्या लेखातला प्रत्येक विनोद कुठल्या दिशेने जातो तो बाण समासात काढून बघ. खाली जाणारे कापायचे, आडवे जाणारेही कापायचे.

दुसरा बिघाड, वाक्यं बनवण्याचा. 'प्राचार्य म्हणाले असतील' असं तू लिहिलं आहेस. नाही. म्हणाले असतील तर तारखेसह दे, नाहीतर त्यांना बोलायला लावू नकोस. खऱ्या वाक्यांचा तुटवडा इथे कधी पडलेला नाही.

तिसरा: वाचणारा उलटं चित्र म्हणजे मागणी समजतो. 'मग काय मुलांना कोंडायचं का?' हे कुणीतरी म्हणणारच. रोकेयांनी ही वाट कथेतच बंद करून ठेवली. शेवटी सुलताना घसरून जागी होते आणि आपल्याच खोलीत आरामखुर्चीत असते. परिपत्रकात स्वप्न घालता येत नाही, पण 'प्रत माहितीसाठी' या यादीत जागा आहे. तिथे विद्यार्थिनी वसतिगृहाच्या मूळ नियमाचा खरा क्रमांक आणि खरी तारीख घाल. मागणी काय आहे ते ज्याला कळायचं त्याला त्या ओळीत कळेल.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून बदनामीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. नाव घेतलं नाही म्हणजे सुटलीस असं नसतं. वर्णनावरून माणूस ओळखू आला तरी पुरतं. म्हणून कॉलेजचं नाव नको, वॉर्डनबाईंचं वर्णन नको. 'खरं होतं' एवढ्याने बचाव होत नाही, ते लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं, आणि तिथे तुझी ती तारखांची वही उपयोगी पडते. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ साली मुंबई बंदवरच्या एका पोस्टपायी अटक झाली होती, एकीने लिहिली म्हणून आणि दुसरीने लाइक केली म्हणून. त्यांना लावलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. तरी बाकीची कलमं जागेवर आहेत. धर्म आणि जात यांच्यावरून जाणारं वाक्य छापण्याआधी एखाद्या वकिलाला दाखव, विशेषतः ते वाक्य तुला फार आवडलं असेल तर.

छापून आल्यावर दोन तऱ्हेची माणसं बोलतील. एक म्हणतील, बायकांना विनोद कळत नाही. दुसरी म्हणतील, इतक्या गंभीर विषयावर विनोद शोभत नाही. दोघांना एकमेकांशी बोलू दे. पण एकटी राहू नकोस. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या आपल्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्या हाती नाही, आणि 'स्त्रीपुरुष तुलना' पुन्हा वाचकांसमोर यायला १९७५ साल उजाडलं. म्हणून लेख छापायला देण्याआधीच वसतिगृहातल्या तिघीचौघींना तो वाचून दाखव, त्यांची हरकत असेल ती वाक्यं काढ, आणि जमलं तर खाली सगळ्यांची मिळून सही कर. कारवाईची नोटीस एकीला देणं सोपं, चाळिसांना देताना कारकुनाचाच हात दुखतो.

आधी लेख वसतिगृहातल्या एखाद्या अशा मुलीला दे, जिला साडेआठची वेळ योग्य वाटते. ती रागावली तर का, ते तिच्याच शब्दांत वहीत उतरव. ती मधेच हसून मग गप्प झाली, तर कुठल्या ओळीवर, ते खूण करून ठेव.

दुसरा खर्डा पाठवशील तेव्हा सोबत ती वीस वाक्यं पाठव आणि मूळ नोटिशीचा फोटो. वाक्यं आधी वाचीन, लेख नंतर.

कळावे.